सात दिवस शिबिराचे, ३५८ गावाचे

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) आहे. गेल्या डिसेंबरात दत्तक गावात आमचं सात दिवसांचं निवासी शिबिर झालं. सकाळी प्रभातफेरी, मग ग्रामस्वच्छता, दुपारी व्याख्यान, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. मजा खूप आली, पण परतताना वाटलं, गावासाठी आपण नक्की केलं काय? यंदाचं काम सुचवायला सरांनी आम्हा चौघांना सांगितलंय. काय सुचवावं?
– एक स्वयंसेविका, जि. सोलापूर

उत्तर : तुला एका शिबिरात पडलेला प्रश्न मला पडायला दोन शिबिरं लागली, आणि मी तर कार्यक्रम अधिकारी होते.

माझ्या पहिल्या शिबिरात आम्ही दीडशे रोपं लावली. कडुनिंब, करंज, चिंच. आळी केली, फोटो काढले, अहवालात ‘वृक्षारोपण : १५०’ लिहिलं. मार्चमध्ये एका लग्नाला जाताना त्याच गावात एसटीतून उतरले. तीन रोपं जिवंत होती. तिन्ही शाळेच्या नळामागे, मुलं खिचडीची ताटं विसळतात तिथली. बाकीची शेळ्यांनी आणि उन्हाने संपवली होती. ज्या गावात फेब्रुवारीपासून बायका डोक्यावरून पाणी आणतात, तिथे दीडशे रोपांना पाणी घालणार कोण? मी भूगोल शिकवायचे, तरी हे सुचलं नव्हतं. आपल्याकडे रोप लावायचं ते मृगाच्या पावसावर, आणि शिबिर भरतं सत्र परीक्षा उरकल्यावर. शिबिराची तारीख कॉलेज ठरवतं, गावाची कामं पाऊस ठरवतो. इथेच घोळ होतो.

वनराई बंधाऱ्याचंही तेच. काम सोपं आहे : सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडवी भिंत रचायची, सांध्यावर सांधा येऊ न देता. पण ते करायचं पाऊस थांबल्यावर, ओढा वाहता असताना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जानेवारीत कोरड्या ठाक ओढ्यात घातलेला बंधारा मी या डोळ्यांनी पाहिलाय. उद्घाटनाला नारळसुद्धा फुटला होता. म्हणून बंधारा शिबिरात घेऊ नका. नियमित कामाचे वर्षाला १२० तास असतात ना, त्यांतले दोन रविवार त्याला द्या. हे तास बहुतेक ठिकाणी कॉलेजचं आवार झाडण्यात आणि पाहुण्यांना गुच्छ देण्यात जातात, हे मी तुला सांगायला नको.

आता शिबिरातलं काम. दुसऱ्या वर्षी आमच्या मुली एका बोळात झाडत होत्या. उंबऱ्यात बसलेल्या आजी म्हणाल्या, “दार तर मी रोजच झाडते गं. त्याला कालेजात कशाला जायला पायजे? ते मोरीचं पाणी बघा की जरा.” मोरीचं पाणी बोळातून वाहत होतं, पुढे हातपंपाशी डबकं, त्यावर डासांचा थर. त्या वर्षी उरलेल्या चार दिवसांत आम्ही अकरा शोषखड्डे, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवणारे खड्डे, घेतले.

शोषखड्डा डिसेंबरात उत्तम होतो. एका घराला साधारण एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. तळाला मोठे दगड, वर लहान, त्यावर विटांचे तुकडे. मध्यभागी तळाला भोकं पाडलेलं मडकं, त्यात नारळाचा काथ्या. मोरीचा पाइप मडक्यात सोडायचा, म्हणजे साबणाचा गाळ आणि खरकटं काथ्यात अडकतं. वरून गोणपाट आणि माती. तुमच्याकडे काळी जमीन असेल तर मुरूम लागेपर्यंत खणा, काळ्या मातीत पाणी जिरता जिरत नाही. विहिरीजवळ अजिबात घेऊ नका. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघर असेच खड्डे घेऊन डास हटवले. जमलं तर सरांना घेऊन एकदा बघून या.

आमच्या अकरांपैकी पुढच्या पावसाळ्यापर्यंत सात चालू होते. चार तुंबले, कारण काथ्या काढून धुवायचा असतो हे आम्ही घरातल्या पुरुषांना सांगितलं, आणि भांडी घासणारी बाई त्या वेळी शेतावर होती!

तेव्हा ऑगस्टमध्येच गावात दोन चकरा मारा. सरपंचांना भेटाच, पण नळावर आणि गिरणीतही उभ्या राहा. एनएसएसचं ब्रीद ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’. मग ‘तुम्हाला काय हवंय’ एवढं तरी विचारायला नको? (‘दत्तक गाव’ हा शब्द मला कधीच रुचला नाही. गाव काय अनाथ असतं?) आणि यंदा नवं गाव शोधू नका. त्याच गावात जा.

प्रश्न : आमच्या गावात यंदा कॉलेजचं शिबिर येणार आहे. ग्रामपंचायतीने काय तयारी ठेवावी?
– ग्रामपंचायत सदस्य, जि. अहिल्यानगर

उत्तर : मंडप आणि हारतुरे राहू द्या. दगड, मुरूम, टिकाव-फावडी आणि घमेली आदल्या दिवशी मोजून ठेवा. ट्रॅक्टर येईना म्हणून पन्नास मुलं दुपारपर्यंत पारावर मोबाइल बघत बसलेली मी पाहिली आहेत. मुलींच्या राहण्याच्या ठिकाणी संडासाला कडी आणि दिवा आहे ना, हे स्वतः जाऊन बघा. जेवायला पिठलं-भाकरी चालते, पहिल्या दिवशी नाकं मुरडतात, तिसऱ्या दिवशी भाकऱ्या कमी पडतात. आणि समारोपाच्या भाषणात प्राचार्यांकडून जूनमधल्या एका रविवारची तारीख घ्या, खड्डे उघडून बघायला.