शुद्ध-अशुद्ध मांसाचे नियम ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना लागू आहेत काय?

प्रश्न : आमच्या मंडळीत नव्याने येऊ लागलेले एक कुटुंब लेवीय 11 मधील नियमांनुसार डुक्कर, ससा, कोळंबी, खेकडे असे काहीही खात नाही. त्यांचे म्हणणे असे की, शुद्ध आणि अशुद्ध प्राण्यांतला भेद मोशेच्या आधी नोहालाही ठाऊक होता, त्यामुळे तो केवळ यहुद्यांपुरता नाही. शिवाय प्रेषित पेत्राला झालेला दृष्टान्त (आकाशातून उतरलेल्या चादरीत सर्व प्रकारचे प्राणी दिसले तो, प्रेषितांची कृत्ये 10) माणसांविषयी होता, अन्नाविषयी नव्हता. हे बरोबर आहे काय? आणि प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये रक्त वर्ज्य करण्याची जी आज्ञा आहे, तिचे काय?

उत्तर : आपण ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्या कुटुंबाचे युक्तिवाद वरवरचे नाहीत आणि त्यांना एखाददुसरे वचन दाखवून गप्प करणे योग्य होणार नाही. म्हणून मूळ नियमांपासून सुरुवात करू.

लेवीय 11 आणि अनुवाद 14 या अध्यायांत भूचर प्राण्यांसाठी दोन खुणा दिल्या आहेत : खूर पूर्ण दुभंगलेले असावेत आणि प्राणी रवंथ करणारा असावा. उंट, शाफान (खडकांत राहणारा सशासारखा लहान प्राणी) आणि ससा यांची पहिल्या खुणेवर गणना चुकते, तर डुकराची दुसऱ्या खुणेवर. जलचरांना पोहण्याचे पर आणि खवले दोन्ही हवेत. पक्ष्यांच्या बाबतीत कोणतीही खूण न सांगता केवळ निषिद्ध पक्ष्यांची यादी दिली आहे आणि कीटकांपैकी काही जातींच्या टोळांना मुभा आहे. या सगळ्यामागचे कारण आरोग्य असावे, असे अनेकांना वाटते. बाराव्या शतकातील यहुदी विद्वान मायमोनिडीस स्वतः वैद्य होते आणि त्यांनीही या नियमांची उपपत्ती काही अंशी अशीच लावली होती. परंतु पवित्र शास्त्र स्वतः हे कारण देत नाही. आरोग्य हाच हेतू असता, तर विषारी वनस्पतींविषयीही काहीतरी सांगितले गेले असते. या अध्यायांत वनस्पतींवर एकही बंदी नाही.

शास्त्र जे कारण देते ते लेवीय 20:24-26 मध्ये अगदी उघड शब्दांत आहे आणि माझ्या मते या संपूर्ण विषयाची किल्ली तिथेच आहे. मी तुम्हांला इतर राष्ट्रांपासून वेगळे केले आहे, म्हणून तुम्ही शुद्ध आणि अशुद्ध पशुपक्ष्यांत भेद करावा, असे परमेश्वर तेथे म्हणतो. प्राण्यांतला भेद हा राष्ट्रांतल्या भेदाचा रोजच्या जेवणात दिसणारा ठसा होता. त्यामुळेच अनुवाद 14:21 मध्ये एक गोष्ट सहज सांगितलेली आढळते, जी एरवी चमत्कारिक वाटली असती : आपोआप मेलेल्या जनावराचे मांस इस्राएलाने खाऊ नये, पण ते उपऱ्याला द्यावे किंवा परक्याला विकावे. जे सर्व मानवजातीला मुळातच अपवित्र आहे, ते शेजाऱ्याला विकण्याची मुभा परमेश्वराने दिली असती काय?

आता नोहाकडे येऊ. उत्पत्ती 7:2 मध्ये शुद्ध प्राण्यांचा उल्लेख आहे हे खरेच आहे. परंतु त्या भेदाचा उपयोग पुढच्याच अध्यायात दिसतो : जलप्रलयानंतर नोहा वेदी बांधतो आणि शुद्ध पशुपक्ष्यांतून होमार्पण करतो (8:20). आहाराविषयीची आज्ञा त्यानंतर येते आणि ती विलक्षण मोकळी आहे. हिरव्या वनस्पतींप्रमाणेच हालचाल करणारा प्रत्येक सजीव प्राणी अन्न म्हणून दिला जातो (9:3). म्हणजे नोहाच्या काळी भेद होता तो अर्पणासाठी. नोहाचा दाखला त्या कुटुंबाच्या मताला आधार देण्याऐवजी, निदान मला तरी, उलट दिशेला नेताना दिसतो.

मोशेच्या नियमांची यहुदी समाजात किती खोल रुजवण झाली होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय नव्या करारातील वादाची तीव्रता कळत नाही. इ.स.पू. 167 च्या सुमारास राजा अंतियोख चौथा याने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली. त्या छळाच्या काळातील एलाजार नावाच्या नव्वदीतल्या शास्त्र्याची हकिकत मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. त्याच्या तोंडात बळजबरीने डुकराचे मांस कोंबण्यात आले, ते त्याने थुंकून टाकले; दुसरे चालणारे मांस आणून केवळ खाल्ल्याचा देखावा कर, ही हितचिंतकांची सूचनाही त्याने नाकारली आणि मरण पत्करले. अशा हुतात्म्यांची आठवण जपणाऱ्या लोकांतून पेत्र आला होता. यापो गावातील घराच्या गच्चीवर, ‘मारून खा’ ही वाणी ऐकल्यावर त्याने ठाम नकार दिला यात नवल नाही.

तो दृष्टान्त माणसांविषयी होता, हे म्हणणे अर्धे खरे आहे. पेत्र स्वतःच कर्नेल्य या यहुदी नसलेल्या शताधिपतीच्या घरी तसा अर्थ सांगतो : कोणत्याही मनुष्याला निषिद्ध अथवा अशुद्ध म्हणू नये हे देवाने मला दाखवले (प्रेषितांची कृत्ये 10:28). पण तो यरुशलेमास परतल्यावर त्याच्यावर जो आरोप झाला तो पाहा : तू सुंता न झालेल्यांकडे गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास (11:3). लेवीय 20 मध्ये जे दोन भेद एकमेकांत गुंतवले होते, त्यांतला एक काढला की दुसऱ्याचा आधारच उरत नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून मागे सरला तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष का धारेवर धरले (गलती. 2:11-14), हेही यावरून कळते. पंगत मोडणे हे पौलाला सुवार्तेच्या सत्याला सोडून चालणे वाटले.

येशूच्या शब्दांबद्दल एक काळजी घ्यावी. मार्क 7 मधील वाद हात धुण्याच्या परंपरेवरून सुरू झाला होता, मांसावरून नव्हे, असे जे म्हणतात ते चुकीचे बोलत नाहीत. परंतु बाहेरून आत जाणारे काहीही माणसाला अशुद्ध करीत नाही, हे येशूने घालून दिलेले तत्त्व हात धुण्यापुरते मर्यादित राहत नाही, आणि त्याने सर्व अन्न शुद्ध ठरवले असे भाष्य सुवार्तिक स्वतः तेथे जोडतो (7:19). रोम. 14:14 मध्ये पौल त्याच सुरात लिहितो की कोणतीही वस्तू मुळात अशुद्ध नाही. यशया 66:17 चा दाखला अनेकदा पुढे केला जातो. तेथे मात्र डुकराच्या मांसाबरोबर बागांतील मूर्तिपूजेच्या विधींचे वर्णन आहे, तेव्हा त्यावरून आजच्या ताटाविषयी निर्णय देणे ताणून धरल्यासारखे होते.

रक्ताचा प्रश्न मला याहून कठीण वाटतो. रक्त न खाण्याची आज्ञा मोशेपूर्वीची आहे, ती नोहाला आणि पर्यायाने सर्व मानवांना दिलेली आहे (उत्पत्ती 9:4), आणि लेवीय 17 मध्ये ती उपऱ्यांनाही लागू आहे. प्रेषितांची कृत्ये 15 मधील यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना सुंतेची आणि मोशेच्या सगळ्या नियमशास्त्राची सक्ती केली नाही; मूर्तीला वाहिलेले पदार्थ, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म यांपासून मात्र दूर राहण्यास सांगितले. डुक्कर किंवा ससा यांचे नाव त्या पत्रात नाही, ही गोष्ट आपल्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने बरेच काही सांगून जाते.

पुढे मंडळीने या आज्ञेचा अर्थ एकमताने लावला नाही. मान मोडून मारलेला ससा खाण्यास आपल्या काळी कोणी ख्रिस्ती कचरत नाही, असे प्राचीन पाश्चात्त्य मंडळीचे धर्माचार्य ऑगस्टीन यांनी लिहिले. त्यांच्या मते ती आज्ञा यहुदी आणि परराष्ट्रीय यांना एकत्र आणण्याच्या काळापुरती होती. उलट, 692 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथील सभेने रक्त घालून केलेले पदार्थ खाणाऱ्यांना शिक्षा ठरवली आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत तो नियम नोंदलेला आहे. पश्चिमेकडे फ्लॉरेन्सच्या सभेने 1442 मध्ये प्रेषितांच्या त्या आज्ञेचे कारण आता संपले आहे असे जाहीर केले. मला ऑगस्टीन यांची बाजू अधिक पटते, कारण यरुशलेमच्या त्या सभेत बोलणारा याकोब स्वतःच मोशेच्या नियमशास्त्राचे वाचन प्रत्येक नगरात दर शब्बाथ दिवशी होते हे कारण जोडतो (15:21). तरीही जो विश्वासणारा रक्त वर्ज्य करतो, त्याच्या पाठीशी पवित्र शास्त्रातील भक्कम आधार आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

त्या कुटुंबाला एकाकी समजण्याचेही कारण नाही. इथिओपियन ऑर्थोडॉक्स तेवाहेदो मंडळी लेवीयातील अनेक आहारनियम पूर्वापार पाळत आली आहे आणि 1863 मध्ये संघटित झालेली सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळीही अशुद्ध मांस वर्ज्य मानते. तेव्हा त्यांना आपल्या घरी जेवायला बोलवाल तेव्हा त्यांना चालणारेच वाढा, त्याविषयी थट्टा करू नका आणि आपले स्वातंत्र्य सिद्ध करण्यासाठी त्यांच्यासमोर मुद्दाम काही खाऊ नका, रोम. 14 चा रोख विश्वासात बलवान असलेल्यांकडेच, म्हणजे सर्व काही खाणाऱ्यांकडेच, अधिक आहे. मात्र तेच कुटुंब इतरांना, हे नियम पाळल्याशिवाय तारण नाही असे शिकवू लागले, किंवा न पाळणाऱ्यांबरोबर प्रभुभोजनास बसण्याचे नाकारू लागले, तर प्रश्न आहाराचा राहत नाही. अशा वेळी मंडळीच्या वडीलजनांनी त्यांच्याशी आधी खाजगीत, गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय समोर ठेवून बोलावे.