म्हापशात आठ वर्षांच्या मुलीसाठी पियानो घ्यायचाय. जुन्या घरातला अपराइट (उभा, तारांचा पियानो) स्वस्तात मिळतोय, तो घ्यावा की डिजिटल?

स्वस्त मिळतोय म्हणून हुरळून जाऊ नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा गंजतात, आतल्या नमद्याला कसर लागते. बघायला जाल तेव्हा खालची फळी काढायला लावा आणि टॉर्च मारा. वाळवीची माती दिसली की नमस्कार करून परत या. मग एकेक पट्टी दाबून बघा. दाबलेली पटकन वर येत नसेल तर बहुधा ओल मुरलीय. खरी गोम मात्र तारा ताणणाऱ्या खुंट्यांत असते. त्या ज्या लाकडात बसवलेल्या असतात तेच सैल झालं असेल तर ट्यूनरने आज लावलेला सूर टिकत नाही, आणि ती दुरुस्ती कधीकधी वाद्याच्या किमतीहून महाग पडते.

मी तरी डिजिटलच घेईन. पण 88 पट्ट्या आणि वेटेड कीज, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड दाबाच्या पट्ट्या, हव्यातच. 61 पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर बोटांत जोर येत नाही, मग क्लासातल्या पियानोवर पोर अडखळते. शिवाय हेडफोन लावता येतो, शेजारी दुवा देतील! शिकवणीसाठी पणजीत कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात चौकशी करा. स्टँड मात्र लाकडी, पक्का घ्या. कात्रीसारखा उघडणारा वाजवताना हलतो.