‘सायन्स घेऊन ठेवू, मग बघू’

मी समुपदेशक. दहावीचा निकाल लागला की पुढचे तीन-चार आठवडे माझ्या खोलीबाहेरचा बाक रिकामा नसतो. प्रश्न बहुतेक एकच असतो: “मॅडम, मार्क तसे बरे पडलेत, तरी पोरगं आयटीआय म्हणतंय. पुढचं शिक्षण बंद होईल ना?” विचारणारे आवाज तेवढे बदलतात. कधी आई असते, कधी आत्या, एकदा तर शेजारचे काका आले होते.

कोल्हापुरातल्या अशाच एका घराची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आई, वडील आणि मुलगा, तिघं आले. आईच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल, त्यात बालवाडीपासूनची सगळी प्रगतिपुस्तकं. दहावीला ६८ टक्के. मराठीत ८१, विज्ञानात ६३, गणितात ४९. वडील उद्यमनगरात टर्नर, लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) बावीस वर्षं. बोलत होते ते एकटेच.

“सायन्स घेऊन ठेवू, मग बघू. ह्याला कोण सांगणार? आयटीआय आयटीआय करतोय.”

मी आयटीआयबद्दल दोन वाक्यं बोलले असेन-नसेन, त्यांनी उजवा हात माझ्या टेबलावर उपडा ठेवला. तर्जनीचं नख अर्धंच होतं आणि कूलंटनं बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोललेली होती.

“मॅडम, मला माहिती-पुस्तक नका दाखवू. मी रोज तिथंच उभा असतो. आयटीआय करून पोरं येतात आमच्याकडं. पाच-पाच वर्षं कॉन्ट्रॅक्टवरच. दिवाळी झाली की ब्रेक, मग परत नवा कागद. ह्याच्यासाठी शिकवायचं का त्याला?”

मी गप्प बसले. एरवी पालकांना माहिती नसते, ती दिली की अर्धं काम होतं. इथं बापाला माहिती माझ्यापेक्षा जास्त होती आणि त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. ‘कुशल कामगारांना खूप मागणी आहे’ हे वाक्य आम्ही समुपदेशक फार सैल वापरतो. मागणी असते, पण ती कोणत्या अटींवर असते ते सांगत नाही.

मुलाशी एकट्याशी बोलायचं म्हणून दोघांना बाहेर बसवलं. पाच मिनिटं तो चपलेच्या पट्ट्याशी खेळत होता. मग म्हणाला, “पप्पांच्या तिथं दोन वर्षांपूर्वी सीएनसी आलंय, कॉम्प्युटरवर चालणारं मशिन. पप्पा त्याला हात लावत नाहीत. एक दादा चालवतो. तो नुसतं चालवत नाही, त्यात काय काय भरतो पण. मला ते शिकायचंय.”

“पप्पांना हे सांगितलंस?”

“त्यांच्यासमोर सीएनसीचं नाव काढायचं नाही, आई म्हणते.”

म्हणजे वडिलांचा राग आयटीआयवर होता तितकाच त्या मशिनवरही होता. बावीस वर्षांचा हात आणि शेजारी काचेच्या दाराआड आपोआप फिरणारा चक. हे मी त्यांना कधीच बोलून दाखवलं नाही, दाखवायची गरजही नव्हती.

मुलाला मात्र विचारलं, कोणता ट्रेड? त्याला वाटत होतं, आयटीआय म्हणजे एकच कोर्स असतो. बहुतेकांना तसंच वाटतं. मी कागदावर लिहून दिलं: फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे; वेल्डर आणि कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा, हे एक वर्षाचे. काही आयटीआयमध्ये सीएनसी मशिनिंगचा वेगळा प्रगत ट्रेडही असतो, दोन वर्षांचा.

एक वर्ष की दोन वर्षं, इथं बरीच घरं फसतात. ‘एक वर्षात मोकळा होईल’ म्हणून छोटा ट्रेड घेतात आणि नंतर पॉलिटेक्निकमधल्या डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं म्हटलं की कळतं, त्यासाठी दहावीनंतरचा दोन वर्षांचा ट्रेड लागतो, तोही त्या शाखेशी जुळणारा. लवकर हाताला काम हवं असेल तर एक वर्षाचा ट्रेड जरूर घ्या, पण हे आधी माहीत असू द्या.

मुलानं कोणता ट्रेड घ्यावा, ते मी लगेच सांगितलं नाही. ओळखीच्या एका शिल्पनिदेशकांना फोन लावला. (आयटीआयमध्ये शिकवणाऱ्यांचं हे पदनाम मला फार आवडतं.) मुलाला दोन दिवस सकाळी वर्कशॉपमध्ये नुसतं बसू द्या म्हटलं. ते हसले. “बसवू कशाला? कानस देतो हातात.”

तिसऱ्या दिवशी पोरगा आला तो जरा पडलेल्या चेहऱ्यानं.

“मॅडम, तिथं सीएनसी दाखवलंच नाही. पोरं लोखंड घासत होती. मला पण एक चौकोनी तुकडा दिला, व्हाइसमध्ये धरून घासायला. सर येऊन गुण्या लावायचे, उजेडाकडं धरायचे. गुण्याखालून उजेड दिसला की परत घास. दोन तास घासलं. उजेड काही जाईना.”

तळहात दाखवला. अंगठ्याखाली फोड आला होता.

“मग?”

“मग काय. दुसऱ्या दिवशी परत गेलो. एका बाजूचा गेला उजेड. दुसरी बाजू राहिली.”

माझ्या कपाटात अभियोग्यता चाचण्यांची पाकिटं आहेत, मी ती वापरतेही. ह्या मुलाची एक चाचणी घेतली होती, आकृत्या डोक्यात फिरवण्यात तो वर्गात वरचा निघाला असता. पण ‘दुसऱ्या दिवशी परत गेलो’ हे मला कुठल्याच पाकिटातून मिळालं नसतं. सीएनसीचं आकर्षण घेऊन गेलेला मुलगा कंटाळवाण्या कामावर परत जातो की नाही, मला तेवढंच बघायचं होतं.

दुसऱ्या भेटीत वडिलांपुढं एक कोरा कागद ठेवला आणि वर्षांचा हिशोब मांडला. हिशोबाची भाषा त्यांना चालते.

दहावीनंतर सरळ डिप्लोमा: तीन वर्षं. अकरावी-बारावी सायन्स करून मग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला: दोन आणि दोन, चार. दोन वर्षांचा आयटीआय करून मग थेट दुसऱ्या वर्षाला: हेही दोन आणि दोन, चार. डिप्लोमा झाला की पुढं इंजिनिअरिंग पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, सीईटी न देता.

“म्हणजे सायन्स घेतलं तरी तेवढीच वर्षं,” ते म्हणाले. बोट अजून दुसऱ्या ओळीवरच होतं.

“तेवढीच. फरक इतकाच की मध्येच थांबावं लागलं तर बारावीच्या कागदावर काम मिळणं अवघड. दोन वर्षांच्या ट्रेडवर निदान शिकाऊ उमेदवारीला लागता येतं.”

सायन्सला माझा विरोध नाही. ज्याला भौतिकशास्त्र, गणित आवडतं त्यानं ते घ्यावंच. माझं भांडण ‘घेऊन ठेवू’शी आहे. निर्णय दोन वर्षं पुढं ढकलायची किंमत म्हणून मुलाच्या माथी क्लासची फी आणि गणिताची भीती मारायची, ह्याला काय अर्थ?

आता कॉन्ट्रॅक्टचा मुद्दा. तो उडवून लावण्यासारखा नव्हता. शिकाऊ उमेदवारीबद्दल जे सांगता येतं ते सांगितलं. १९६१ चा कायदा आहे, करार नोंदवला जातो, २०१९ च्या नियमांत आयटीआय प्रमाणपत्र असलेल्याला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. ते कायम नोकरीची हमी नव्हे, हेही सांगितलं. कंपनीला उमेदवार ठेवून घेण्याचं बंधन नसतं. कॉन्ट्रॅक्टमधून वर सरकायचं तर ट्रेडच्या वर काहीतरी हवं: डिप्लोमा, ड्रॉइंग वाचण्याची पक्की सवय किंवा प्रोग्रामिंग.

“तुमच्याकडचा तो सीएनसीवाला मुलगा,” मी विचारलं, “तोही कॉन्ट्रॅक्टवरच आहे?”

बराच वेळ गेला. “नाही. त्याला मालकानं कायम केलंय.”

आईनं तेवढ्यात विचारलं, “आणि उद्या पोलीस भरतीत जायचं म्हटला तर? बारावी लागते की त्याला.” हा प्रश्न आमच्या भागात दर दुसरी आई विचारते, आणि बरोबर विचारते. दोन वर्षांचा आयटीआय केल्यावर ठरलेले भाषेचे विषय देऊन बारावीची समकक्षता मिळवण्याची सोय आहे. ती आपोआप मिळत नाही, परीक्षा द्यावी लागते, आणि कोणत्याही भरतीला अर्ज करताना त्या जाहिरातीत समकक्षतेबद्दल काय लिहिलंय ते वाचावं लागतं. आईनं हे फाइलच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं.

वडिलांचा पुढचा प्रश्न सगळ्यांत धारदार होता. “मग तीन वर्षांचा डिप्लोमाच का नको? एक वर्ष वाचतंय की.”

इथं मला माझी एक जुनी चूक सांगावी लागली. काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आला होता, मराठी माध्यमाचा, गणितात काठावर. घरच्यांना सायन्स हवं, त्याला आयटीआय. मी मधला मार्ग काढला: डिप्लोमा. दोन्ही पक्ष खूश, मीही खूश. पहिल्याच सत्रात त्याला इंग्रजी पुस्तकातलं गणित समजेना, वर्कशॉपला मात्र सगळ्यांत पुढं. नापास विषयांचा, केटींचा ढीग झाला, वर्ष गेलं, मग तो कॉलेजला जातो म्हणून घरातून निघायचा आणि गॅरेजवर बसायचा. घरी कळलं तेव्हा वडिलांनी मला फोन केला होता. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी भांडण मिटवलं होतं, मुलाकडं बघितलंच नव्हतं. आता बऱ्याच ठिकाणी डिप्लोमा मराठी-इंग्रजी असा दोन्ही भाषांत शिकवतात, ती अडचण थोडी कमी झालीय. गणित मात्र गणितच राहतं.

“४९ मार्कांवर डिप्लोमा होणारच नाही असं नाही,” मी म्हटलं. “पण आयटीआयमार्गे गेला तरी हे गणित चुकत नाही, उलट जास्त बोचतं. थेट दुसऱ्या वर्षाला बसतो म्हणजे पहिल्या वर्षाचं गणित न शिकताच वरचे विषय समोर येतात. माझं मत आयटीआयकडं आहे, पण एका अटीवर. पहिल्या महिन्यापासून अकरावीच्या गणिताची शिकवणी लावायची.”

वडील मुलाकडं वळले. “लावशील?”

“लावतो.”

“फोड आला म्हणून सोडशील.”

“नाही सोडलं की, पप्पा.”

अर्ज तीन ठिकाणी भरायला सांगितले. अकरावीचा वेगळा, आयटीआयचा व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर, पॉलिटेक्निकचा तंत्रशिक्षण संचालनालयाकडं. वेळापत्रकं वेगवेगळी असतात, एकाच्या फेरीची वाट बघत बसलं की दुसऱ्याची मुदत जाते. आणि पसंतीक्रम भरताना नेट कॅफेवाल्याला ‘तुम्हीच टाका काहीतरी’ म्हणू नका. मुलानं शेजारी बसून भरायचा. दरवर्षी दोन-तीन मुलं माझ्याकडं रडत येतात, कारण कॅफेवाल्यानं घराजवळचं आयटीआय वर टाकलेलं असतं आणि ट्रेड भलताच.

दुसऱ्या फेरीत त्याला मशिनिस्ट मिळालं. पहिला पसंतीक्रम टूल अँड डाय मेकर होता, तो हुकला. वडील महिनाभर त्याच्याशी फारसं बोलले नाहीत, असं आईकडून कळलं. दिवाळीच्या सुमारास तो व्हर्निअरचं (बारीक मापं घ्यायच्या साधनाचं) वाचन घरी सारखं चुकवत होता. तेव्हा बापानं हातातलं जेवणाचं ताट बाजूला ठेवलं आणि स्वतःचा व्हर्निअर काढून त्याला तासभर शिकवलं. तिथून बोलणं सुरू झालं.

आता त्याचं दुसरं वर्ष संपत आलंय. गेल्या आठवड्यात आईचा फोन आला: मॅडम, परत वेळ द्या, दोघांचं जमेना. वडील म्हणतायत, थेट डिप्लोमाला बस, उगाच कंपनीत अडकशील. मुलगा म्हणतोय, आधी वर्षभर शिकाऊ उमेदवारी करतो. मला ऐकून गंमत वाटली. दोन वर्षांपूर्वी ज्या बापाला आयटीआय नको होतं तोच आता पोराला डिप्लोमाकडं रेटतोय आणि पोरगा म्हणतोय जरा थांबा. कुणाचं बरोबर, मला अजून ठरवता आलेलं नाही. ते बरंचसं गणितावर अवलंबून आहे. शिकवणी चालू आहे, पण त्रिकोणमितीत तो अजून अडखळतो म्हणे.

शनिवारी चारला बोलावलंय. येताना मार्कलिस्ट नको, गणिताची वही आण, असं त्याला सांगितलंय.