अटलांटिक सिटीचा सब आणि शाकाहारी काकू

प्रश्न : ताई, मी सध्या लेकीकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आलेय. शनिवारी सगळे अटलांटिक सिटीला चाललेत आणि जावई म्हणतात, तिथल्या ‘व्हाईट हाऊस’ नावाच्या दुकानाचा सब (लांब पावात भरलेलं सँडविच) खाल्ल्याशिवाय परतायचं नाही. मी शाकाहारी, चीज चालतं पण अंडं नाही. मग मी काय नुसती बघत बसू? आणि तेल-व्हिनेगर ओतल्यावर त्या पावाचा लगदा नाही का होत?
— एक काकू

उत्तर : अहो काकू, बघत कशाला बसायचं! हे 1946 पासूनचं दुकान, भिंतीभर येऊन गेलेल्या नटांचे-गायकांचे फोटो आणि काउंटरवर अखंड गलका, त्यामुळे काय हवं ते ठरवूनच पुढे व्हा, तिथे विचार करत उभं राहिलात तर मागचे लोक सुस्कारे टाकतात. जावयांचं सोप्पंय, ते जेनोवा सलामी, कॅपिकोला आणि प्रोव्होलोन चीज घालून घेतील. ही दोन्ही मांसं डुकराची बरं का, बरोबर कुणी ते न खाणारं असेल तर आधीच सांगा.

तुम्ही प्रोव्होलोन, लेट्यूस, टोमॅटो, कांदा, ओरेगॅनो आणि तिखट मिरच्या सांगा. मेयो नको म्हणा, त्यात अंडं असतं. प्रोव्होलोन काही ठिकाणी वासराच्या रेनेटने (पोटातून काढलेल्या, दूध गोठवणाऱ्या पदार्थाने) बनवतात तेव्हा ते विचारून घ्या, आणि सुरी न् पाट बदलायला सांगा, संकोच करू नका, पैसे आपणच देतोय ना.

लगद्याचं म्हणाल तर सगळी गंमत पावात आहे. समोरच 1919 पासूनची फॉर्मिका बेकरी आहे, आणि या भागातला इटालियन पाव म्हणजे वरून कडक, आतून मऊ पण चिवट, आपल्या लुसलुशीत लादीपावाला हे तेल झेपायचं नाही. शिवाय सबमध्ये चीज-मांस पावाला लागून आणि भाजी मधे रचली तर तेल भाजीवरच राहतं, पावापर्यंत उशिरा पोचतं. आणि सलामी कागदासारखी पातळ कापलेली हवी, जाड तुकडे चावत बसलं की निम्मी चव गेली (हे माझं मत, जावयांना विचारू नका).

एक अख्खा सब जवळजवळ दोन फुटी, म्हणून अर्धाच मागवा. घरी न्यायचा असेल तर तेल-व्हिनेगर वेगळं बांधून मागा, एडिसनपर्यंत दीड-दोन तासांचा प्रवास आहे.