लीड्सची ऑफर, पांढरी पडणारी बोटं आणि एएनए पॉझिटिव्ह: यायचं की नाही?

तू लिहिलंयस ते थोडक्यात असं की वय २९, पुण्यात आयटीत, ऑफिसच्या एसीत बोटं आधी पांढरीफटक मग निळी पडतात, फॅमिली डॉक्टर वर्षभर 'सर्क्युलेशन वीक आहे' म्हणत राहिले, शेवटी एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणारी रक्ततपासणी) १:३२० पॉझिटिव्ह आला, म्हणजे रक्त ३२० पट पातळ करूनही त्या दिसल्या, रुमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांच्या आणि असल्या आजारांचे डॉक्टर) म्हणतात आत्ता आजाराला नाव देता येत नाही, लक्ष ठेवू. आणि नेमकी आता इंग्लंडमधल्या लीड्सची नोकरीची ऑफर आली, आई म्हणते थंडीत मरायला जाऊ नकोस. वयाने लहान आहेस म्हणून सरळ अगं-तुगं करते हं.

मी मूळची सांगलीची, आता लीड्सजवळच ब्रॅडफर्डला असते, मला रेनॉड (गारव्याने बोटांच्या रक्तवाहिन्या आवळून ती पांढरी-निळी पडतात तो त्रास) आहेच आणि फाईलवर 'अनडिफरन्शिएटेड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज' असं लांबलचक लिहिलंय, म्हणजे ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असं) काहीतरी आहे पण ल्युपस म्हणावं की स्क्लेरोडर्मा (कातडी ताठ करणारा आजार) की अजून काही ते ठरलेलं नाही. त्यामुळे ऐकीव सांगत नाहीये. माझं उत्तर आहे, ये. थंडीवर उपाय पैसे टाकून विकत मिळतात. अर्धवट राहिलेल्या तपासण्या मात्र इथे येऊन पूर्ण करायच्या म्हटलं तर फार वेळ जातो, म्हणून ते काम तिकडेच उरकून ये.

तिकडे आज रुमॅटॉलॉजिस्टचा नंबर लावला तर आठवड्याभरात समोर बसतेस, टेस्ट लिहून दिली की संध्याकाळी लॅबवाला घरी येतो. इथे आधी जीपी, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरसारखा, तो साधारण दहा मिनिटं देणार, त्याला पटलं तर पुढे चिठ्ठी. एनएचएसचं (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं) स्वतःचं टार्गेट चिठ्ठीपासून १८ आठवड्यांत ट्रीटमेंट सुरू करायचं आहे आणि ते कित्येक वर्षं गाठलं गेलेलं नाही. डॉक्टर वाईट नसतात गं, एकदा आत शिरलीस की व्यवस्थित बघतात, पण दारातच फार वेळ उभं राहावं लागतं. म्हणून निघायच्या आधी ईएनए प्रोफाइल करून घे (त्यात अँटी-सेंट्रोमिअर, एससीएल-७०, रो वगैरे वेगवेगळ्या अँटीबॉडी कळतात), सीबीसी, ईएसआर, क्रिएटिनिन, युरिनमध्ये प्रोटीन जातंय का ते, सी३-सी४ (प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रथिनं), थायरॉईड. आणि पुण्यात कोणी करत असेल तर नेलफोल्ड कॅपिलरोस्कोपी. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून बारीक केशवाहिन्या मोठ्या करून बघतात, दुखत नाही काही. त्या नीट दिसल्या आणि स्क्लेरोडर्माच्या अँटीबॉडी निगेटिव्ह आल्या तर पुढे तो आजार निघायची शक्यता बरीच कमी होते, आणि उलटं आलं तरी माहीत असलेलं बरं, कारण मग इथला जीपी तुझी चिठ्ठी बाजूला ठेवू शकत नाही.

नुसत्या एएनएवरून झोप उडवून घेऊ नकोस. १:१६० ला साधारण ५ टक्के धडधाकट माणसंही पॉझिटिव्ह येतात, १:३२० ला ३ टक्क्यांच्या आसपास. तुझ्याकडे बोटांचा रंगही बदलतो म्हणून लक्ष ठेवायचं, एवढंच. तो आकडा दर सहा महिन्यांनी परत करून बघण्यातही अर्थ नसतो, इथे तर करतच नाहीत, आणि तिकडच्या पॅकेजवाल्या लॅबना काय, त्या रोज करून देतील.

सगळं एका पानावर टाईप करून घे, डॉक्टरांची सही-शिक्का घे. आणि अटॅक येतो तेव्हा मोबाईलवर फोटो काढून ठेव, पांढऱ्याची सीमा जिथे बोटावर सरळ रेष ओढल्यासारखी दिसते ना तो फोटो. जीपीसमोर बसशील तेव्हा हात अगदी गुलाबी असतात, हमखास.

व्हिसाचं पटकन सांगते. यूकेच्या व्हिसाला असल्या आजाराची आडकाठी नाही, भारतातून सहा महिन्यांच्या वर येणाऱ्यांना टीबीचं सर्टिफिकेट लागतं तेवढंच. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडावाले मेडिकलमध्ये उपचारांच्या खर्चाचा हिशोब करतात, इथे तसं नाही, पण त्याबदल्यात हेल्थ सरचार्ज आधीच वाजवून घेतात, मोठ्या माणसाला वर्षाला १०३५ पौंड, तेही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचे एकदम. ५ वर्षांचा व्हिसा असेल तर ५१७५ पौंड. कंपनी भरणार का ते ऑफर स्वीकारायच्या आधी विचार, लाजू नकोस. मग जीपी, हॉस्पिटल, तपासण्या फुकट, इंग्लंडमध्ये औषधाला मात्र प्रत्येक आयटमला ९.९० पौंड पडतात (स्कॉटलंड, वेल्समध्ये तेही नाही). वर्षाचा पास मिळतो ११५ च्या आसपास, दोन गोळ्या कायमच्या असतील तर तो घेऊन टाकायचा. आणि एक गंमत, हायपोथायरॉईड असून थायरॉक्सिनची गोळी चालू असेल तर इंग्लंडमध्ये फॉर्म भरून सगळीच औषधं फुकट होतात, थायरॉईडचीच असं नाही. आपल्यासारख्या ऑटोइम्यूनवाल्यांत थायरॉईड पुष्कळजणींना असतं, म्हणून सांगितलं.

आता थंडी. लीड्सला उणे वीस वगैरे काही नसतं, डिसेंबर-जानेवारीत शून्य ते सात-आठ, पण ओल आणि वारा इतका की अंगात शिरतो, आणि डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळतो. रेनॉडला थंडी किती आहे त्याहून उबेतून गारव्यात एकदम जाण्याचा त्रास जास्त. माझे वाईट अटॅक रस्त्यावर कमी आणि सुपरमार्केटच्या फ्रोझन सेक्शनमध्ये जास्त आलेत, मटारची पिशवी उचलली की दोन बोटं गेली. कार्डाचा पिन दाबताना बटण लागतंय की नाही कळत नाही, पाठीमागे रांग. तेव्हा गरम पाण्याच्या नळाखाली हात धरायचा मोह होतो, तो टाळ, बधीर हाताला चटका कळत नाही आणि भाजतं. काखेत हात घाल नाहीतर अख्खा हात खांद्यापासून गोल फिरव, लोक बघतात, बघू देत.

हातमोज्यांवर पैसे घालवायच्या आधी छाती-पोट गरम ठेवायला शीक. अंग गारठलं की शरीर आतले अवयव सांभाळायला हातापायाचं रक्त कमी करतं, आपल्यात ते जरा जास्तच उत्साहाने करतं. त्यामुळे आत थर्मल, वर लोकरीचा पातळ थर, मग जाकीट, मनगटं झाकलेली, कानटोपी. हातात पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा मिटन्स घे, त्यात बोटं एकत्र राहतात म्हणून उबदार राहतात. थर्मल पुण्यातून भरून आणू नकोस, इथे चांगली आणि स्वस्त मिळतात. आईचं मन राखायला एक स्वेटर आण.

आणि घर! यावर सगळ्यात जास्त डोकं लाव. लीड्समध्ये लाल विटांची जुनी चाळवजा घरं खूप, दिसायला छान, भाडं कमी, पण भिंती गार आणि खिडक्यांना फटी. प्रत्येक भाड्याच्या घराला ईपीसी नावाचं एनर्जी रेटिंग असतं, सरकारी साईटवर पत्ता टाकून फुकट बघता येतं. कायद्याने किमान ई लागतं, तू सीच्या खाली जाऊ नकोस. शंभर पौंड भाडं वाचवून तेवढेच गॅसच्या बिलात जातात आणि वर बोटं निळी. घर बघायला जाशील तेव्हा स्वयंपाकघरातला नळ बघ. जुन्या घरांत अजून गरम आणि गार पाण्याचे दोन वेगळे नळ असतात, एक चटका देतो आणि दुसरा बर्फ, तांदूळ धुवायचे, कोथिंबीर निवडायची तर कोमट पाणीच नाही. मिक्सर नळ नसेल तर घरमालकाला आधीच सांग. पायाच्या बोटांवर लाल खाजरे फोड आले तर घाबरू नकोस, त्यांना चिलब्लेन्स म्हणतात, ओल्या थंडीत होतात, पाय हीटरला टेकवून शेकलेस की वाढतात.

औषधांची पिशवी भरताना दोन गोष्टी बघ. आई सर्दीसाठी सिनारेस्ट टाकेलच, त्यात फेनिलएफ्रिन असतं, ते रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून काढून ठेव. इथल्या दुकानातल्या सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही तेच असतं, फार्मासिस्टला रेनॉड आहे म्हणून सांगूनच घे. मायग्रेनसाठी सिप्लार (प्रोप्रानोलॉल) चालू असेल तर डॉक्टरांशी बोल, त्यानेही बोटं जास्त गार पडतात, पण मनानेच बंद करू नकोस. गुग्गुळ-भस्मवाल्या पुड्या आणू नकोस, पारा-शिशाची भानगड असते आणि मग लिव्हर-किडनीचे रिपोर्ट बिघडले तर कशाने ते कळत नाही. रेनॉडला इथे पहिली गोळी निफेडिपिनच देतात, आपल्याकडची निकार्डिया. सुरुवातीला डोकं दुखतं, तोंड लाल होतं, पाय सुजतात, आणि ग्रेपफ्रूट खायचं नाही त्यावर. फारच त्रास असेल तर हॉस्पिटलवाले सिल्डेनाफिल देतात, हो तीच व्हायग्रातली, फार्मसीत नाव पुकारतील तेव्हा हसू आवरायचं. एचसीक्यूएस (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, ऑटोइम्यून आजारांवरची गोळी) चालू झाली तर डोळ्यांची तपासणी लक्षात ठेव. आणि व्हिटॅमिन डी तर सगळेच घेतात, आपल्या रंगाच्या कातडीला रोज १० मायक्रोग्रॅम वर्षभर घ्या असंच सांगतात.

बोटाच्या टोकाला जखम झाली आणि भरेना, टोक काळं पडायला लागलं, एकच बोट तासन् तास पांढरं राहून ठणकतंय, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी जीपीला फोन, बंद असेल तर १११ ही एनएचएसची हेल्पलाइन. कातडी ताठ होणं, घास अडकणं, जिना चढताना पूर्वी लागत नव्हता असा दम लागणं, हे तपासणीपर्यंत दाबून ठेवू नकोस.

कंपनीला सांगायचं की नाही हेही विचारलंयस. ऑफर हातात पडल्यावर सांग. इथे २०१० चा इक्वॅलिटी अ‍ॅक्ट आहे, त्रास वर्षभराच्या वर टिकणारा आणि रोजच्या कामात आड येणारा असेल तर त्यांना वाजवी सोय करावी लागते. एसीच्या झोताखालची जागा बदलून देणं, टेबलाखाली छोटा हीटर, फार थंडीत घरून काम, यात त्यांचं काही जात नाही. आणि जॉइनिंगची तारीख थोडी मागेपुढे होत असेल तर एप्रिल-मे माग. नोव्हेंबरात उतरलीस तर घर शोधणं, बँक, जीपी सगळं गारठलेल्या हातांनी करावं लागेल, उन्हाळ्यात आलीस तर चिठ्ठी लवकर रांगेत लागते आणि ईपीसी बघून घर निवडायला वेळ मिळतो.