रेड हॉट पोकर उन्हाने मरत नाही

प्रश्न असा: कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला नवं घर घेतलंय, मागच्या अंगणात दिवसभर ऊन असतं. रेड हॉट पोकर हे फुलझाड लावलं तर जळेल का, रोज किती पाणी घालू आणि कुठला प्रकार घेऊ?

त्यातला 'रोज' वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

जळत नाही. ऊन त्याला हवंच, सहा-आठ तास तरी. सावलीत नुसती पात माजते, फुलाचा दांडा येत नाही. हे झाड मरतं ते बुडाशी पाणी साचून. या एका वाक्यावरून आमच्या घरात 2019 पासून भांडण चालू आहे.

आम्ही सॅन होजेला राहतो. त्या मार्चमध्ये मी नर्सरीतून दोन रोपं आणली. मराठीत याला नाव नाही, आम्ही कोलीत म्हणतो. फुललेला दांडा टोकाला लाल आणि खाली पिवळा, चुलीतून आत्ताच ओढून काढल्यासारखा. (कळ्या लाल असतात, उमलल्या की पिवळ्या पडतात आणि उमलतात खालून वर.) मी ती लॉनच्या कडेला लावली. नवऱ्याने मला न विचारता स्प्रिंकलरचं एक तोंड तिकडे वळवलं. आठवड्यातून चारदा, पहाटे, बारा-बारा मिनिटं. मी म्हणाले, चिकणमाती आहे, निचरा नाही. तो म्हणाला, एवढ्या उन्हात उभं आहे, त्याला तहान लागत नसेल? माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच.

जूनमध्ये बाहेरची पानं पिवळी पडायला लागली. 'बघ, पाणी कमी पडतंय,' म्हणून बाराची वीस मिनिटं झाली. जुलैअखेरीस मी एकदा मधली पात धरून हलकेच ओढली तर अख्खी जुडी हातात आली, मुळं जमिनीतच राहिली. बुडाला तपकिरी लगदा आणि सडक्या कांद्याचा वास.

तो लगदा मी व्हिडिओ कॉलवर आबांना दाखवला. आबांचं आयुष्य सांगली जिल्ह्यात हळद करण्यात गेलं. त्यांनी हे झाड जन्मात पाहिलेलं नव्हतं. चष्मा वर करून दोन सेकंद बघितलं आणि म्हणाले, "अगं, ही तर कंदकूज! सपाटीला लावलंस होय? गादीवर चढीव की." हळदीच्या रानात पाणी तुंबलं की गड्डा असाच मऊ पडतो, शेंडा धरून ओढला तर सुटून येतो. नवरा माझ्या मागेच उभा होता. सगळं ऐकलं आणि म्हणाला, "गोफर असेल."

गोफर, म्हणजे जमिनीत बिळं करून मुळं खाणारा उंदरासारखा प्राणी! आसपास बीळ नाही, कुरतडल्याची एक खूण नाही. आजही पाहुणे आले की 'दोन झाडं गोफरने खाल्ली' हेच ऐकवतो. पाहुण्यांनाही तेच पटतं, कारण गोफर प्रत्येकाच्या घरी असतो.

ऑक्टोबरात मी त्याच जागी गादीवाफा केला. दीड वीत उंच, मातीत बारीक खडी आणि थोडं कंपोस्ट. नवी दोन रोपं लावली आणि स्प्रिंकलरचं ते तोंड स्वतः टोपण लावून बंद केलं. पहिला दांडा आला 2021 च्या मे महिन्यात. ते दुष्काळाचं वर्ष, लॉन वाळून कोळ झालं आणि कोलीत पेटलेलं. मग 2022 चा डिसेंबर सरता सरता वादळांची रांग लागली, जानेवारी अर्धा होईपर्यंत पाऊस हटला नाही. लॉनवर तळं साचलं होतं. गादीवरच्या झाडांना काहीही झालं नाही. याहून मोठा पुरावा कुठल्या कोर्टात लागतो?

आता आमच्याकडे अ‍ॅनाज हमिंगबर्ड येतो. हवेतल्या हवेत थांबून नेमक्या ताज्या उमललेल्या ओळीत चोच घालतो, वरच्या लाल कळ्यांकडे ढुंकून बघत नाही. मान वळवली की गळा गुलाबी पेटतो. मूळ घरी, दक्षिण आफ्रिकेत, हे काम शिंजीर करतात, म्हणजे आबांच्या जास्वंदीवर येतो त्याचेच भाऊबंद. ते दांड्यावर बसून पितात.

तुमच्यासाठी थोडं. सॅक्रामेंटो आमच्यापेक्षा तापतं, त्यामुळे 'पाणीच नको' असा अर्थ काढू नका. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा मुरेल असं पाणी द्या. पुढेही जुलैत अगदी कोरडं ठेवलं तर पात लोळते आणि फुलं कमी येतात. मात्र पाणी मुळांना द्यायचं, डोक्यावर नाही. पानांच्या बेचक्यात गोगलगायी लपतात, अधूनमधून बघा. सुकलेले दांडे बी पडायच्या आत कापा, किनारपट्टीला हे झाड रानात पसरलेलं आहे. दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवा. प्रकाराचं काय सांगू, माझे नर्सरीतल्या चिठ्ठीवर नावच नसलेले होते. जागा कमी असेल तर 'लिटल मेड' बुटकं असतं, पण ते फिकट, सायीच्या रंगाचं. मग कोलीत कशाला म्हणायचं?

आणि हो, लावताना गड्डा कुंडीत जेवढा होता तेवढाच ठेवा, खोल पुरू नका. पहिली दोन मी चांगली तीन बोटं खोल पुरली होती. हे नवऱ्याला माहीत नाही. तो मराठी फारसं वाचत नाही म्हणून इथे लिहिलं.