कर्ज आणि दोष यांना एकच शब्द

प्रश्न : आम्ही मूळचे पुण्याचे, अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये आमस्टेलवेनला राहतो. सतरा वर्षांची मुलगी व्हीडब्ल्यूओच्या, म्हणजे विद्यापीठात नेणाऱ्या शालेय शाखेच्या, शेवटच्या वर्षात आहे. दहापैकी इंग्रजीत नऊ, डचमध्ये आठ, गणित-ए मध्ये सहा. तिनं रॉटरडॅमला इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे अर्थशास्त्राचं गणित आणि संख्याशास्त्र, करावं ही माझी इच्छा. तिला इंग्रजीतून डचमध्ये भाषांतर करायचंय, तेही आर्थिक आणि धार्मिक मजकुराचं. दोन्ही भाषा येतातच, मग शिकायचं काय? परवा 'रिडेम्प्शन' या एका शब्दावर दोन तास बसली होती. आमचं घर घेताना बँकेची सगळी पत्रं तिनंच वाचून सांगितली, तेव्हा ती तेराची होती. तरी नोटरीनं शपथबद्ध दुभाषी आणायला लावला, तो भुर्दंड वेगळा. तिच्यासाठी आम्ही सगळं सोडून इथे आलो, पण तिला त्याची जाणीव नाही. भांडणात म्हणाली, "बाबा, तुम्ही मला स्खुल्ड देताय." मी तिच्याकडे कधी एक युरोही मागितला नाही. तुम्हीच तिला समजवा.

उत्तर : तुमच्या मुलीच्या गुणांची मला काळजी वाटली नाही. पत्राच्या शेवटच्या चार वाक्यांची वाटली, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

डचमध्ये 'स्खुल्ड' म्हणजे कर्ज, आणि 'स्खुल्ड' म्हणजे दोषही. एखाद्याला स्खुल्ड देणं म्हणजे त्याच्यावर दोष ठेवणं. तिनं पैशांचं नावही काढलं नव्हतं. "तुम्ही मला दोषी ठरवताय," असं ती म्हणत होती, आणि तुम्ही हिशेबाची वही उघडलीत. हा गोंधळ तुमच्या एकट्याचा नाही. 1637 साली छापल्या गेलेल्या डच बायबलमध्ये प्रभूच्या प्रार्थनेत क्षमा मागितली जाते ती याच शब्दानं. मराठी बायबलातही त्या जागी 'ऋण' आहे. देणं आणि अपराध एका शब्दात राहतात हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आपण पितृऋण म्हणतो तेव्हा कोणी पावती मागत नाही, पण ओझं मात्र जाणवतं.

आता 'तिच्यासाठी सगळं सोडून आलो' हे तुमचं वाक्य पुन्हा वाचा. तुम्ही देश सोडलात तेव्हा ती सहा वर्षांची होती. निर्णय तुमचा होता आणि तो चांगलाही असेल, पण त्याची परतफेड तिच्या नावावर टाकू नका. आणि जाणीव नाही म्हणता? शाळेतून आल्यावर मुलं खेळायला जातात त्या वयात ती व्याजदराची पत्रं वाचून तुम्हाला समजावत होती. चुकलं तर घर जाईल, ही भीती तेराव्या वर्षी तिनं एकटीनं सांभाळली असणार. याबद्दल तुम्ही तिला कधी काही म्हणालात का? पत्रात तरी तसं दिसत नाही.

दोन्ही भाषा येतात म्हणजे भाषांतर येतं, हा गैरसमज मात्र मी इतक्यांदा ऐकलाय की त्यावर नीट बोलायला हवं. तुमच्याच घराच्या कागदांत 'हिपोटेकखेव्हर' असा शब्द असेल. शब्दशः अर्थ तारण देणारा. भाषा उत्तम येणारा माणूसही पटकन म्हणेल, ही बँक, कारण पैसे बँक देते. चूक. तो तुम्ही आहात, कारण घर तारण तुम्ही देता. आपल्या गहाणखतात 'गहाण देणार' कर्जदारच असतो, अगदी तसंच. ही अदलाबदल करारात झाली तर कोणाचं घर कोणाकडे गहाण, हेच उलटं होतं. ताळेबंदातल्या इंग्रजी 'प्रोव्हिजन'ला डच 'प्रोव्हिझी' लिहिलं की संभाव्य नुकसानीसाठीच्या तरतुदीचं दलालाचं कमिशन होतं. इंग्रजी बिलियन डचमध्ये मिलयार्ड असतो. तिथला बिलयून त्याच्या हजारपट. चर्चच्या पत्रकातल्या 'मिनिस्टर'ला तसंच ठेवलं तर डच वाचकापुढे हेगच्या सरकारातला मंत्री उभा राहतो, प्रवचन देणारा दोमिने नाही. 'कम्युनियन', म्हणजे प्रभुभोजनाचा विधी, याला डच शब्द कॅथलिकांसाठी वेगळा, प्रोटेस्टंटांसाठी वेगळा, आणि पत्रक कोणत्या चर्चचं हे विचारल्याशिवाय तो शब्द लिहिताच येत नाही.

ज्या शब्दावर तिनं दोन तास घालवले, तो तर या दोन्ही जगांच्या मधोमध उभा आहे. रोख्याचं रिडेम्प्शन म्हणजे डचमध्ये 'आफ्लॉसिंग', मुद्दल फेडणं. चर्चमधलं रिडेम्प्शन म्हणजे 'फरलॉसिंग', पापातून सुटका. दोन्हींच्या पोटात 'लॉस' आहे, म्हणजे मोकळं. मराठीत 'तारण' बँकेतही असतं आणि, उद्धार या अर्थानं, ख्रिस्ती उपासनेतही. हे जिला दिसतं आणि जी त्यावर थांबते, तिचे दोन तास वाया गेलेले नाहीत. तिला या कामाची नजर आहे. आर्थिक आणि धार्मिक हे दोन विषय एकत्र का, असं तुम्हाला वाटलं असेल. मला ती जोडी अजिबात विचित्र वाटली नाही.

इकॉनोमेट्रिक्सचं एका ओळीत सांगते : त्याला गणित-बी लागतं, तिनं ए घेतलंय, म्हणजे आणखी एक परीक्षा, तीही तिला नको असलेल्या गोष्टीसाठी. तो विषय सोडा. भाषांतराची वाट म्हणजे लायडन किंवा उट्रेख्टला इंग्रजीची पदवी आणि पुढे भाषांतरात पदव्युत्तर, नाहीतर बेल्जियममध्ये गेंटला उपयोजित भाषाशास्त्र.

पण तिलाही एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. नुसत्या भाषांतरावर पोट भरणं दिवसेंदिवस अवघड होतंय. साधी पत्रं, जाहिराती, सूचना यंत्र बरी करतं आणि दर पडलेत. टिकतो तो, ज्याला मजकुरामागचा विषय कळतो आणि जो त्याखाली सही करून जबाबदारी घेतो. म्हणून पदवीबरोबर तिनं हिशेबशास्त्र आणि डच मालमत्ता कायद्याचे काही विषय जरूर घ्यावेत. धार्मिक मजकुरात पैसा कमी आहे, ते काम आवडीनं करावं, घरभाडं त्यावर काढायला जाऊ नये. डचमध्ये आठ चांगलेच, पण ज्या भाषेत लिहायचं ती भाषा आणखी वर न्यावी लागेल, आणि डच वर्तमानपत्राची अर्थपुरवणी रोज वाचावी लागेल. पुढे शपथबद्ध भाषांतरकारांच्या सरकारी नोंदवहीत नाव घालता येतं. 2009 पासून लागू असलेल्या कायद्यानं न्यायालयं आणि पोलिसांना सहसा त्यातलेच लोक घ्यावे लागतात.

नोटरीनं आणायला लावलेला तो दुभाषी तुम्हाला भुर्दंड वाटला. त्या दिवशी ती तुमच्याबरोबर होती का? असेल, तर जे काम ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर धास्तावून करत होती, तेच एक माणूस शांतपणे, मोबदला घेऊन, मानानं करताना तिनं पाहिलं असणार. हे मी अंदाजानं म्हणतेय. तुम्ही तिला विचारा. आणि रिडेम्प्शनसाठी शेवटी तिनं कोणता शब्द लिहिला, तेही. पुढचं पत्र मात्र तिनं लिहावं, तुम्ही नको.